लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेले नाव

आंबेडकरी पत्रकारितेच्या तारखा आपल्याला तोंडपाठ आहेत. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', २९ जून १९२८ ला 'समता', २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली पोरे-पोरी हे एका दमात म्हणून दाखवतात. संपादकांची नावेही सांगतात. पण हे सगळे छापले कुठे, खिळे कोणी जुळवले, कागदाची उधारी कोणी फेडली, असे विचारले की गप्प बसतात. दोष त्यांचा नाही. आपणच हा इतिहास लेखणीचा इतिहास म्हणून सांगत आलो. छापखान्याचा, म्हणजे दुकानाचा आणि त्या दुकानामागच्या घराचा इतिहास आपण सांगितलाच नाही.

आमचे म्हणणे असे आहे की आंबेडकरी चळवळ जितकी अग्रलेखांवर उभी राहिली तितकीच ती पावतीपुस्तकांवर, हँडबिलांवर आणि लग्नपत्रिकांवर उभी राहिली. हे काम गल्लीतल्या लहान ट्रेडलवाल्या छापखान्यांनी केले. अशा दुकानांची नोंद कुठल्याही गौरवग्रंथात नाही. औरंगाबादेतली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातली अशी दुकाने आमच्या डोळ्यांदेखत मिटली. जे थोडे मागे उरले आहे ते आपल्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आहे आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाते आहे. म्हणून हा लेख.

मराठी मुद्रणात जात पहिल्या दिवसापासून आहे. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी पहिले मराठी पंचांग छापले. ते भंडारी समाजाचे. शाईत चरबी असते म्हणून छापील पंचांग हातात धरायला धर्मनिष्ठ मंडळी तयार नव्हती, तेव्हा गणपत कृष्णाजींना तूप घालून शाई बनवावी लागली. मजकूर पवित्र, पण तो कागदावर उमटवणारी शाई विटाळाची! तूप मिसळल्यावर विटाळ गेला आणि धंदा चालू लागला. ब्राह्मणी व्यवस्थेची लवचिकता पाहायची असेल तर हे उदाहरण पुरेसे आहे. नव्या तंत्राला विरोध करायचा, ते फायद्याचे दिसले की शुद्ध करून घ्यायचे आणि मग त्यावर मालकी सांगायची.

मालकी कोणाची झाली हे पुढच्या शंभर वर्षांत दिसले. 'मूकनायक' निघणार होता तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. ही गोष्ट आपण नेहमी सांगतो, पण ती टिळकांच्या वर्तमानपत्राच्या दुटप्पीपणाची गोष्ट म्हणून सांगतो. ती तेवढीच नाही. त्यात धंद्याचाही धडा आहे. वर्तमानपत्र जाहिरातीवर चालते, जाहिरात बाजार देतो आणि बाजार सवर्णांचा. एम.ए.ला समाजशास्त्रात बेनेडिक्ट अँडरसन शिकलो. छापील भांडवलशाहीने एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांत राष्ट्राची कल्पना रुजवली, असा त्यांचा सिद्धांत. सिद्धांत चांगलाच आहे. पण ज्याची जाहिरात रोख पैशानेही घेतली जात नाही तो त्या कल्पनेतल्या राष्ट्रात कुठे बसतो, हे विचारायला वर्गात जागा नव्हती.

'मूकनायक'ला छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत दिली. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. बाबासाहेब जुलै १९२० मध्ये लंडनला गेले आणि पाक्षिक रखडत रखडत १९२३ मध्ये बंद पडले. 'बहिष्कृत भारत'च्या वेळी तर अंकाचे वीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. पत्राच्या डोक्यावर झालेले कर्ज हे समाजाचे कर्ज नाही काय, असा प्रश्न त्यांनी त्याच पत्रातून समाजाला जाहीरपणे विचारला. बॅरिस्टर, डॉक्टरेट मिळवलेला माणूस आपल्या पाक्षिकाची उधारी वाचकांपुढे मांडतो, यातली वेदना समजून घ्यायला लहानसे का होईना, दुकान चालवून पाहावे लागते. कागदवाला थांबत नाही, छापखाना पुढचा फर्मा चढवत नाही आणि वर्गणीदार म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू.

यातून निघालेले उत्तर होते स्वतःचा छापखाना. भारतभूषण प्रिंटिंग प्रेस असा उभा राहिला. 'जनता' तिथून निघू लागली. १९४६ च्या तणावाच्या दिवसांत हा छापखाना जाळला गेला. पुढे दादरला आंबेडकर भवनाच्या आवारात बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होता. या कामात घरची माणसे होती, हे आपण विसरतो. यशवंतराव ऊर्फ भैय्यासाहेब छापखान्याची व्यवस्था पाहत. बाबासाहेबांचे पुतणे मुकुंदराव सोबतीला होते. महापरिनिर्वाणानंतर 'प्रबुद्ध भारत'च्या संपादक मंडळात हे दोघे आणि दादासाहेब रूपवते, शंकरराव खरात, भास्करराव कद्रेकर ही मंडळी होती. भैय्यासाहेबांवर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा राजकारणाच्या अंगाने, चैत्यभूमीच्या किंवा बौद्ध महासभेच्या अंगाने. छापखान्याच्या गल्ल्यावर बसणारा, मशीन बंद पडले की मेकॅनिकच्या मागे धावणारा, बापाचे पत्र चालू ठेवण्यासाठी बाहेरचे जॉब वर्क धरून ठेवणारा मुलगा म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा हा भाग कमी महत्त्वाचा नाही.

बाबासाहेबांच्या आधीही ही धडपड होतीच. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढला. नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि एकामागून एक पत्रे चालवली. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि १९३१ मध्ये 'चोखामेळा'. पत्र बंद पडायचे, छापखाना मात्र राहायचा, आणि छापखाना होता म्हणून पुढचे पत्र निघायचे. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता त्यांचे एक पत्र बंद पडले की सगळेच थांबायचे.

आमच्या भागाला जवळचे उदाहरण तरवडीचे आहे. औरंगाबादेतून गोदावरी ओलांडली की नेवासे तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या तरवडी गावातून सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालवले. १९१० साली सुरू झालेले हे पत्र १९६७ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. पुण्या-मुंबईत राहून नव्हे, खेड्यात राहून, खेड्यातच छापखाना ठेवून! बैलगाडीने कागद आणायचा, गावातल्याच पोरांना खिळे जुळवायला शिकवायचे आणि पोस्टाने अंक पाठवायचे. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. १८७७ साली 'दीनबंधु' काढणारे तेच भालेकर. म्हणजे बापाने जे पेरले ते मुलाने खेड्यात नेऊन जगवले. त्याच 'दीनबंधु'चे संपादन पुढे वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर १९०८ पासून त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी केले. नवरा गेल्यावर बाईने दुकान चालवले तर गल्लीत कौतुक होते. पण नवरा गेल्यावर बाईने वर्तमानपत्र चालवले, तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, याची नोंद मराठी पत्रकारितेच्या मुख्य प्रवाहातल्या पुस्तकांत आपल्याला शोधावी लागते.

आता आमच्या शहराकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद निजामाच्या राज्यात. राज्यकारभाराची भाषा उर्दू. उर्दूची नस्तालिक लिपी खिळ्यांत बसवणे अवघड, म्हणून ती शिळाप्रेसवर छापली जाई. कातिब सुंदर अक्षरात लिहायचा आणि ते दगडावर उतरायचे. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम याच शहरातून अनेक वर्षे चालवले. उर्दूचा एवढा मोठा ग्रंथव्यवहार इथे होता. त्या मानाने देवनागरीचा व्यवहार लहान होता आणि आपल्या समाजाचा तर नव्हताच. शाळाच नाही तिथे छापखाना कुठून येणार?

तो आला शिक्षणाच्या मागोमाग. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय इथे सुरू झाले, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ते ओळखले गेले, नागसेनवन उभे राहिले. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरे वसतिगृहात आली. त्यांना परीक्षेचे फॉर्म लागले, वह्या लागल्या, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिका लागल्या. कविता छापायच्या होत्या. याच मातीतून गंगाधर पानतावणे सरांनी १९६७-६८ च्या सुमारास 'अस्मितादर्श' सुरू केले आणि पन्नास वर्षे दलित साहित्याचे व्यासपीठ जिवंत ठेवले. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवरचा अभ्यासही सरांनीच केला. 'अस्मितादर्श'वर आजवर खूप लिहिले गेले आहे. आम्ही इथे बोलणार आहोत त्याच्या खालच्या थराबद्दल, जिथे कविता नव्हत्या, फक्त जॉब वर्क होते.

जॉब वर्क म्हणजे काय ते नव्या पिढीला सांगायला हवे. दहा बाय बाराची खोली. पुढे काउंटर, त्यावर वह्या, पेन, कोरे लिफाफे, लेजर, रेव्हेन्यू स्टॅम्प, शाळेचे दाखले. मागे ट्रेडल मशीन. भिंतीला लाकडी केसेस लावलेल्या. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, त्यामुळे तिथे दोन केसेसमध्ये काम भागते. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, सगळे मिळून शेकडो खाने. जुळारी डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने न बघता खिळा उचलतो. अक्षरे उलटी असतात आणि तो ती उलटीच वाचतो. ओळ भरली की गॅलीत, गॅलीवरून प्रूफ, प्रूफ दुरुस्त झाले की फर्मा आवळून मशीनवर. पायाने पेडल मारायचे आणि प्रत्येक वेळी मशीन उघडले की एका हाताने छापलेले कार्ड काढून दुसऱ्या हाताने कोरे ठेवायचे. लय चुकली की बोट गेले. काम झाले की सगळे खिळे धुऊन परत आपापल्या खान्यात टाकायचे. खिळ्यांत शिसे, अँटिमनी आणि कथील. त्या हातांनी चहा प्यायचा, त्याच हातांनी भाकरी खायची. शिशाचा त्रास किती जणांना झाला याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आमच्या नात्यातल्या एका मामांचे असे दुकान होते. गल्लीत सगळे त्यांना 'प्रेसवाले मामा'च म्हणत. दुकान मामांचे, पण अर्धे काम घरी व्हायचे. मामी आणि पोरी रात्री जेवणे उरकली की कंदिलाखाली, पुढे ट्यूबलाइटखाली, पत्रिका दुमडायच्या, लिफाफे चिकटवायच्या, पावतीपुस्तकांना टाके घालायच्या. सोनेरी अक्षरांची पत्रिका असली की ओल्या छपाईवर सोनेरी भुकटी कापसाने फिरवायचे काम मामींचे. सकाळी त्यांच्या केसांत ती भुकटी चमकायची आणि शेजारच्या बाया चेष्टा करायच्या. दुकानाच्या पाटीवर 'प्रोप्रायटर' म्हणून मामांचे नाव. मामींचे नाव रेशनकार्डावर तेवढे होते. आपण सावित्रीमाईंचे नाव घेतो, तानूबाईंचे घेऊ लागलो आहोत, आणि आपल्याच घरातल्या या कामाला अजून 'मदत' म्हणतो.

मामा पावतीपुस्तकांबाबत फार कडक होते. जयंतीच्या वर्गणीची पुस्तके ते नंबरिंग मशीनशिवाय देत नसत. फर्म्यात बसवलेले हे लहानसे यंत्र प्रत्येक छापासरशी एक आकडा पुढे सरकते. मंडळाची पोरे घाई करायची, म्हणायची, मामा, नंबर राहू द्या, उद्यापासून वर्गणीला निघायचंय. मामांचे उत्तर ठरलेले, "बिननंबराची पावती म्हंजी बिनहिशेबाचा पैसा. बाबासाहेबाच्या नावानं गोळा करायलाय न तुमी? मग नंबर पडू द्या." आज चळवळीतल्या संघटनांच्या हिशेबांवर भांडणे होतात तेव्हा आम्हाला हे वाक्य आठवते. हिशेबाची शिस्त घटनेच्या पुस्तकातून येते तशी ती नंबरिंग मशीनमधूनही येते.

पण या दुकानांचे सगळ्यात मोठे काम होते ते लग्नपत्रिकेचे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या गावी परतले. मग पुढच्या उन्हाळ्यात लग्नसराई आली. पत्रिका छापायची वेळ आली. आता वर काय घालायचे? छापखान्यात लग्नपत्रिकेचा ठरावीक मजकूर सुतळीने बांधून तयार ठेवलेला असतो. दर वेळी सगळे नव्याने जुळवायचे नाही, फक्त नावे आणि तारीख बदलायची, म्हणजे मजुरी वाचते. त्या बांधून ठेवलेल्या मजकुरात वर गणपतीचा ब्लॉक, मग 'श्री', मग कुलदैवत, मग 'चि. सौ. कां.', मग 'शुभमुहूर्त', खाली 'कै.' म्हणून गेलेल्या आजोबांचे नाव. हिंदू संस्कृती ही त्या सुतळीने बांधलेल्या शिशाच्या ठोकळ्यासारखी होती. वापरायला सोपी, स्वस्त आणि तयार. ती नको म्हणायची तर ठोकळा सोडावा लागतो, नवा जुळवावा लागतो आणि त्याची मजुरी कोणीतरी द्यावी लागते.

आपल्या समाजाने ती दिली. गणपतीच्या जागी बुद्धांचा ब्लॉक आला. जस्ताचा ब्लॉक लाकडावर ठोकलेला असतो, तो मोठ्या शहरातून करून आणावा लागे. शेजारी बाबासाहेबांचा ब्लॉक. 'शुभविवाह' गेले, 'मंगल परिणय' आले. 'श्री' आणि 'सौ.' जाऊन 'आयुष्मान' आणि 'आयुष्मती' आले. 'शुभमुहूर्त' जाऊन घड्याळाची वेळ आली, सकाळी ११ म्हणजे ११, गोरज वगैरे काही नाही. आणि 'कैलासवासी', 'स्वर्गवासी' या शब्दांच्या जागी 'कालकथित' आला. हा शब्द आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला कैलास मान्य नाही, स्वर्ग मान्य नाही, त्याने आपल्या मेलेल्या बापाला कुठे पाठवायचे? कुठेच नाही. त्याचा काळ झाला, एवढेच. एवढा मोठा तत्त्वज्ञानाचा बदल पाच अक्षरांत मावला आणि तो एखाद्या विद्यापीठात नव्हे, गल्लीतल्या छापखान्यात, प्रूफ वाचताना, 'मामा, कै. काढा, तिथं कालकथित टाका' असे सांगत झाला.

काही विद्वान म्हणतात की धर्मांतर वरवरचे होते, गावात चालीरीती तशाच राहिल्या. राहिल्या, काही घरांत अजूनही आहेत, हे आम्ही वस्त्यांत काम करताना रोज पाहतो. देव्हाऱ्यात बुद्धांशेजारी मरीमाय असते. पण त्याच घरातली पत्रिका पाहा. पत्रिका ही गावाला दिलेली जाहीर घोषणा असते. ती पाटलाच्या वाड्यावर जाते, मास्तरांकडे जाते, दुकानदाराकडे जाते. गावच्या भाषेत ज्याला 'जोहार मायबाप' म्हणून दारात उभे राहावे लागे तो आता छापील कागदावर स्वतःला आयुष्मान म्हणवून घेतो आणि तो कागद पाटलाच्या हातात ठेवतो. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडले. तोपर्यंत सरकारी दाखल्यावर आपण काय लिहायचे याचा घोळ होता. लग्नपत्रिकेवर मात्र घोळ नव्हता. सरकारने ओळख देण्याआधी तीस-तीस वर्षे आपली ओळख या छापखान्यांनी छापून दिली.

नामांतराचा लढाही याच मशीनवर छापला गेला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाडा पेटला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या जवळजवळ सोळा वर्षांत किती मोर्चे, किती सभा, किती निषेध. प्रत्येकाचे हँडबिल. रात्री मजकूर यायचा, सकाळी वाटायला हवा असायचा. जुन्या हँडबिलांचा एक गठ्ठा आम्ही पाहिला आहे. काहींच्या तळाशी छापखान्याचे नाव आहे, काहींच्या नाही. नाव न टाकण्यामागचे कारण सांगायला नको. नाव टाकणाऱ्यांचे धैर्य मात्र सांगायला हवे, कारण दुकानाला शटर असते, शटरला काच नसली तरी मागे घर असते.

इथे एका कायद्याचा उल्लेख करतो. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना छापील कागदाची धास्ती होती. १८६७ साली त्यांनी छापखाने व पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन तसे निवेदन करायचे आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व कागदावर मुद्रकाचे नाव आणि छापल्याचे ठिकाण टाकायचे. हेतू पाळतीचा होता. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा चालू राहिला, २०२३ च्या नव्या कायद्याने तो गेला. पण पाळतीसाठी केलेली ही सक्ती आज आपल्या कामाची आहे. जुन्या पुस्तिकेच्या, हँडबिलाच्या, पत्रिकेच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, अमुक प्रिंटिंग प्रेस, अमुक गल्ली, अशी ओळ असते. कुठे तीन-चार आकडी फोन नंबर असतो. आपल्या छापखान्यांची दुसरी कुठलीही यादी उपलब्ध नसेल तर ती या ओळींमधून तयार होऊ शकते. कोणत्या वस्तीत कोणत्या साली छापखाना होता, तो कधी हलला, मुलाच्या नावावर कधी झाला, कोणत्या वर्षापासून पत्रिकेवर बुद्ध आले, 'कालकथित' कोणत्या तालुक्यात आधी पोहोचला आणि कोणत्या नंतर. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पीएच.डी. पुरेल एवढे हे साधन आहे, आणि ते आपण बोहारणीला देतो आहोत.

नव्वदच्या दशकात संगणक आला, श्रीलिपी आली, ऑफसेट स्वस्त झाले. मग फ्लेक्स आले. खिळ्यांचे दुकान चालवणे परवडेना. बहुतेकांनी खिळे किलोच्या भावाने भंगारात घातले, कारण शिशाला भाव होता आणि अक्षराला नव्हता. 'मंगल परिणय' आणि 'कालकथित' वितळून बॅटरीत गेले. ट्रेडल मशीन काही ठिकाणी अजून दिसते, पण ते छपाईसाठी नाही. पावतीपुस्तकाला नंबर टाकायला, परफोरेशन मारायला, खोक्याचा कागद कापायला ते ठेवलेले असते. मामांचे मशीन तर रस्तारुंदीत दुकान गेले तेव्हा तिथल्या तिथेच तोडून न्यावे लागले, बाहेर काढायला जागा नव्हती.

आणि जे आपण हाताने केले ते दादरला बुलडोझरने झाले. २५ जून २०१६ च्या पहाटे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडण्यात आले. जुने साहित्य, कागदपत्रे ढिगाऱ्याखाली गेल्याचे आंबेडकर कुटुंबीयांनी सांगितले. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. इमारत धोकादायक होती की नव्हती, ट्रस्टची मालकी कोणाची, हे वाद कोर्टात आणि वर्तमानपत्रांत झाले, त्यात आम्ही इथे शिरत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. पुण्यात केसरीवाड्यात जुने छपाईयंत्र जपून ठेवले तर तो राष्ट्रीय वारसा होतो. आपला छापखाना मात्र 'जुनी इमारत' होतो. हा भेद पाडणारी नजर आपल्यातही शिरली आहे. मोर्च्याला आपण लाखांनी गेलो, ते योग्यच झाले. पण आपल्या शहरातला, आपल्या गल्लीतला छापखाना बंद झाला तेव्हा तिथली एक केस, एक ब्लॉक, एक प्रूफसुद्धा आपण उचलून आणले नाही.

स्मारक बांधा असे आम्ही म्हणत नाही. स्मारकासाठी समिती लागते, समितीत गट पडतात, मग निधी येतो आणि सगळेच संपते. घरापुरते काम आधी करता येते. आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या लग्नाची पत्रिका शोधा. गृहप्रवेशाची, पुण्यानुमोदनाची, जयंतीची, धम्म परिषदेची पत्रकेही चालतील. पुढून-मागून दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि तळाची छापखान्याची ओळ फोटोत स्पष्ट येईल याची काळजी घ्या. ही ओळ बारीक असते, ती हमखास कापली जाते. पत्रिका कोणाची, गाव कोणते, छपाई कोणी करून आणली, घरातल्या कोणी वाटली, हे आई-आजीला विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. वडील माणसे थांबत नाहीत. ज्यांच्या घरी छापखाना होता त्यांनी दुकानातल्या बायकांची नावे लिहावीत, पाटीवर नव्हती तरी. एखाद्याकडे बुद्धांचा किंवा बाबासाहेबांचा जुना जस्ताचा ब्लॉक असेल तर तो घासून चकचकीत करू नका, शाईचा थर आहे तसा राहू द्या. मूळ कागद कोरड्या जागी, साध्या कागदी पाकिटात ठेवा. आणि जतन करायचे म्हणून त्याला लॅमिनेशन तर अजिबात करू नका.